गुरुवार सकाळ, मशीन नंबर चार

"दार लाव," शेटेसर म्हणाले.

त्यांच्या केबिनचं दार एरवी उघडंच असायचं. सोमवार होता, सकाळचे सव्वादहा. मी दार लावलं आणि उभी राहिले.

"बस. डॉक्टर हेरवाडे गुरुवारी येतायत. त्यांची आणखी चार डायलिसिस सेंटर सुरू होतायत. पाचही ठिकाणी चालेल अशी नवी बुकिंग सिस्टिम त्यांना पाहिजे. मिरजेच्या सेंटरची आत्ताची कुणी केलीय?"

"अशफाकभाईंनी."

"किती दिवसांत?"

"मी तेव्हा नव्हते, सर."

"सहा महिने. आता नव्याला किती लागतील विचारलं, तर म्हणाले तीन-चार महिने. म्हटलं भाई, आता पाव्हणं आलंय की घरात. तर मला म्हणतात, पाव्हण्याला त्या सेंटरमधलं काय माहीत?"

पाव्हणं म्हणजे एआय. सांगलीच्या विश्रामबागेत आमची चौदा जणांची वेबसाइट बनवणारी कंपनी होती आणि मी लागले त्याच्या आसपासच सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर ते टूल आलं होतं. हे नाव कुणी ठेवलं आठवत नाही, पण घट्ट बसलं. एखादं पान उघडेनासं झालं की पहिला प्रश्न, "पाव्हण्याला विचारलंस का?" कुणी रजेचे अर्ज त्याच्याकडून लिहून घ्यायचं, कुणी ग्राहकांची पत्रं. एकानं सासऱ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा त्याच्याकडून लिहून पाठवल्या, तेव्हा सासऱ्यांनी फोन करून जावयाची तब्येत विचारली होती. पण मुख्य काम कोडचं. पूर्वी ज्याला आठवडा लागायचा, ते दुपारच्या जेवणाआधी व्हायला लागलं होतं. मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलेली, इंजिनिअर नव्हे. पाव्हणं नसतं तर त्या ऑफिसात मी टिकले असते की नाही, शंकाच आहे.

"तू किती दिवसांत करशील?" शेटेसरांनी विचारलं.

"बघते, सर."

"बघते नको. गुरुवारी दाखवायचंय."

"होईल."

"आणि एक. भाईंना यातलं सांगायचं नाही. त्यांच्याशिवाय होतं का, तेच मला बघायचंय." ते खुर्चीत मागे टेकले. "हे बघ, मी काही राक्षस नाही. माणूस चांगला आहे, मलाही कळतं. पण एका माणसाच्या कामाला तीन महिने आणि दुसऱ्याच्या तीन दिवस, तर मी कुणाला ठेवू? तुझ्यानं झालं तर भाईंना थांबायला सांगावं लागेल. नाही झालं, तर त्यांची माफी मागेन मी. तुला कायम करायचं पत्रही माझ्याकडंच पडलंय. गुरुवारनंतर बघू."

मी दार उघडून बाहेर आले. अशफाक मुजावर माझ्या समोरच्याच टेबलावर बसायचे. तेव्हा त्यांचं वय सेहेचाळीस. मिरजेतल्या एका सायबर कॅफेत बसून, पुस्तकं वाचून ते वेबसाइट करायला शिकले होते. शेटेसरांनी कंपनी काढली तेव्हापासून त्यांच्याबरोबर. पाव्हण्याशी त्यांचं वैर नव्हतं. तेही वापरायचे, फक्त भांडत वापरायचे. त्यानं काही लिहून दिलं की विचारायचे, हे असंच का केलंस, आणि उत्तर पटेपर्यंत पुढं जायचे नाहीत. त्यामुळे आठवड्याच्या यादीत त्यांची कामं सगळ्यात कमी दिसायची.

"दार लावून काय शिजलं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"काही नाही भाई. कायम करायचं पत्र."

"मग पेढे कुठायत?"

"अजून पत्र आलं नाही."

"तरी अर्धा पेढा व्हायला हरकत नाही," ते म्हणाले आणि कामाला लागले.

त्या दुपारी मी पाव्हण्याला सांगितलं, अकरा मशिनं, दिवसाला तीन शिफ्ट, आठवड्याचे सहा दिवस, पेशंटला सोयीची वेळ देणारी सिस्टिम बनव. चाळीस मिनिटांत झाली. दिसायला देखणी. रंग सौम्य, बटणं मोठी, मराठी-कन्नड दोन्ही भाषा. आमच्यातल्या दुसऱ्या कुणीही ती तिथंच थांबवून गुरुवारी दाखवली असती. मी थांबले नाही, आणि हे मी कौतुकानं सांगत नाही. मला मोजायची सवय होती. मिरजेच्या सेंटरची मागच्या आठवड्याची खरीखुरी बुकिंग आमच्याकडे होती, एकशे चौऱ्याऐंशी. तेच पेशंट मी नव्या सिस्टिममध्ये घातले आणि कुणाला कुठली वेळ, कुठलं मशीन मिळतं ते जुन्याशी ताडून पाहिलं. एकशे सतरा जुळले. सदुसष्ट जुळले नाहीत.

मंगळवार सगळा त्या सदुसष्टांमागे गेला. जतच्या एका बाईंना जुनी सिस्टिम सकाळी सातची वेळ कधीच द्यायची नाही, मशीन रिकामं असलं तरी. नवी बेधडक द्यायची. दोन सख्खे भाऊ नेहमी एकाच शिफ्टला असायचे, नवीनं त्यांना वेगळं केलं. का, ते आकड्यांवरून कळत नव्हतं. पाव्हण्याला विचारलं तर त्यानं प्रत्येक वेळी एक नवं कारण दिलं आणि ते दर वेळी चुकीचं निघालं. जुन्या कोडमध्ये नियम होते, पण नुसते आकडे. सात नको, साडेअकरा चालेल. कारण नाही.

शेवटी मी खुर्ची सरकवत अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाई, हेरवाड्यांचं काम तुम्ही कसं केलं होतं हो?"

"कसं म्हणजे? सेंटरमध्ये बसून." त्यांनी चष्मा काढला. "पाच आठवडे रोज जायचो. तिथली सिस्टर मला पेशंटचा नातेवाईक समजायची. एकदा तर पेशंट समजून वजनाच्या काट्यावर उभं केलं. म्हणाली, दोन किलो पाणी साठलंय, पथ्य पाळा."

मी हसले.

"हसतेस काय. तेव्हापासून मी मीठ कमी केलं. का गं, तुला कशाला पाहिजे?"

"सहज."

"काय लागलं तर विचार. नाहीतर एक दिवस चल माझ्याबरोबर, तासभर बसू तिथं. कोडपेक्षा तिथं जास्त कळतं."

मी बरं म्हटलं. सांगलीहून मिरज सिटीबसनं अर्ध्या तासावर होतं.

बुधवारी सकाळी मला ती फाइल सापडली. जुन्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कोडच्या फाइलींच्या शेजारीच पडलेली, 'आठवण' नावाची. अकराशे चाळीस ओळी, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, सहा वर्षांत थोडं थोडं साठत गेलेलं. त्यातल्या काही मला अजून पाठ आहेत. 'जतची पहिली एसटी ८.४० ला पोचते. ७ ची वेळ देऊ नये, आदल्या रात्री स्टँडवर झोपावं लागतं.' 'कुडचे बंधू, एकच मोटरसायकल.' 'नऊ नंबरच्या वर पंखा नाही, उन्हाळ्यात वयस्कर नको.' 'रमजानमध्ये चिकोडीकर चाचींना सकाळची, त्या ऐकत नाहीत, निदान डायलिसिसच्या दिवशी तरी पाणी पितील.'

मला हवं होतं ते सगळं तिथं होतं. मी ती फाइल जशीच्या तशी पाव्हण्याला दिली आणि सांगितलं, यातला प्रत्येक नियम पाळ. त्यानं त्या अकराशे चाळीस ओळींचे इंग्रजीत नीटनेटके एकशे बारा नियम केले. चालू पेशंटच्या नावांच्या जागी नोंदणी क्रमांक टाकले, बाकीची नावं, बंधू, चाची, एसटी सगळं काढून टाकलं, वार, वेळ आणि मशिनाचा नंबर तेवढा ठेवला. मी पुन्हा ताडून पाहिलं. एकशे चौऱ्याऐंशीपैकी एकशे शहात्तर जुळले.

आठ उरले. आठ म्हणजे साधारण साडेचार टक्के. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला पाच टक्क्यांपर्यंतच्या चुकीला सर सही करायचे. मी ते आठ उघडून पाहिले नाहीत. 'आठवण' नव्या फोल्डरमध्ये घेतली नाही. सगळ्याला लागलेला वेळ लिहून ठेवला: तीन तास चाळीस मिनिटं. मंगळवारचा दिवस त्यात धरला नाही.

संध्याकाळी शेटेसर माझ्या टेबलाशी आले. भाई नमाजाला गेले होते. सरांनी दहा मिनिटं सगळं चालवून पाहिलं आणि म्हणाले, "भाईंची काही मदत?"

"नाही, सर."

"नक्की? कारण हे तर सेंटरमध्ये राहिल्यासारखं वागतंय."

"जुन्या नोंदी होत्या ना, सर. त्यावरून."

"कमाल आहे," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि थोडी भीतीही, असं मला वाटलं.

गुरुवारी अकरा वाजता डॉक्टर हेरवाडे आले. मीटिंगच्या खोलीत आम्ही चौघंच: डॉक्टर, शेटेसर, मी आणि अशफाकभाई. भाईंना सरांनी ऐन वेळी बोलावलं. "तुम्हीही बसा भाई, तुमचंच अपत्य आहे जुनं." आत आल्यावर भिंतीवरच्या पडद्यावर काय आहे ते त्यांना दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी केबल नीट करत होते.

मी दाखवायला सुरुवात केली. डॉक्टर उंच, घाईतले, सारखा फोन उलटा-सुलटा करणारे. पाच मिनिटांनी त्यांनी मला थांबवलं.

"दिसतंय छान, पण असं देखणं मला पुण्याच्या तीन कंपन्यांनी दाखवलंय. जतचा पेशंट घ्या. सोमवारी सकाळी सातला टाका."

मी टाकलं. पडद्यावर आलं, ही वेळ देता येत नाही, साडेअकराची उपलब्ध आहे.

डॉक्टरांनी फोन खाली ठेवला. "हे कसं कळलं याला?"

शेटेसर माझ्याकडे बघत होते. भाई पडद्याकडे.

"जुन्या बुकिंगवरून ते आपलं आपण शिकतं, डॉक्टर," मी म्हणाले.

"आपलं आपण?"

"हो."

"आणि याला किती वेळ लागला म्हणालात?"

"तीन तास चाळीस मिनिटं," शेटेसरांनीच सांगून टाकलं.

डॉक्टर हसले. मग त्यांनी आणखी चार-पाच पेशंट टाकायला लावले आणि प्रत्येक वेळी सिस्टिमनं बरोबर उत्तर दिलं. माझा आवाज मोकळा झाला. मी खोलीत फिरून बोलायला लागले. टूल नमुने कसे ओळखतं, माणसाच्या नजरेतून सुटणारं त्याला कसं दिसतं, असं बरंच काही. ते बोलताना मला छान वाटत होतं, हेही सांगायला हवं.

"वृंदा," भाई म्हणाले, "गुरुवार दाखव जरा."

मी गुरुवारचा तक्ता लावला. सकाळची शिफ्ट, अकरा चौकटी. दहा भरलेल्या होत्या.

"चार नंबर मोकळा का?"

मला माहीत नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं. मी नियम उघडून पाहिला, तर तिथं एवढंच होतं की मशीन चार, गुरुवार सकाळ, राखीव.

"मशीन बंद नाही आमचं," डॉक्टर म्हणाले. "चार नंबर तर सगळ्यात नवं आहे. आणि गुरुवारी सकाळी गर्दी असते."

"म्हणूनच, डॉक्टर," मी म्हणाले. शब्द माझ्या आधी तयार होते. "सतत चालणाऱ्या मशिनाला आठवड्यातून एक शिफ्ट विश्रांती दिली तर बिघाड कमी होतात. टूलनं सगळ्या मशिनांचा वापर पाहून ती वेळ काढलीय."

डॉक्टर शेटेसरांकडे वळले. "आमच्या कुणाला हे सुचलं नाही," ते शेटेसरांना म्हणाले. "इंजिनिअर लोक सर्व्हिसिंगचं सांगतात, पण असं काही कुणी सांगितलं नाही."

"पाव्हण्याला हे आपणहून सुचलं?" भाईंनी विचारलं. टोमणा नव्हता. जसा ते पाव्हण्याला प्रश्न विचारायचे, तसाच विचारला.

"हो भाई."

"असं होय."

ते थोडा वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिले. मग डॉक्टरांना म्हणाले, "काम चांगलं झालंय. बटणं मोठी केलीत, ते फार बरं. पेशंटबरोबर येणाऱ्यांना चष्मा लागतो आणि चष्मा घरी राहिलेला असतो." आणि काम आहे असं सांगून बाहेर गेले.

डॉक्टर गेले तेव्हा दीड वाजला होता. शेटेसरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि जेवायला गेले. मी जागेवर आले. भाई समोर डबा खात होते. मला म्हणाले, "बस, जेव. आज भूक लागली असेल." मी म्हटलं, नंतर. मला ती चौकट बघायची होती. मनात अजून सगळं कुतूहलच होतं, दुसरं काही नव्हतं.

'आठवण' उघडून मी त्यात चार नंबर शोधला. सातशे अठराव्या ओळीवर सापडला.

'गुरु. सकाळ, ४ नंबर कल्लाप्पा अण्णांसाठी राखून ठेवणे. डाव्या हाताची शीर बंद झाली, आता उजव्या हाताला सुई. बाकी सगळी मशिनं बेडच्या डावीकडे, फक्त ४ उजवीकडे. सोमवारी कुणीतरी बदलून देतं, गुरुवारी गर्दीत कुणी देत नाही, अण्णा मागत नाहीत, तसेच बसून राहतात.'

मग मी जुन्या कोडमध्ये पाहिलं. तिथं असा नियम नव्हता. आमच्या कामात कोडमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद आपोआप राहते. मी मागं मागं जात राहिले. नियम पूर्वी होता. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये अशफाकभाईंनी तो काढला होता आणि बदलाचं कारण लिहायच्या जागी तीन शब्द लिहिले होते: कल्लाप्पा अण्णा गेले.

म्हणजे चालू सिस्टिममध्ये हा नियम नव्हता. मागच्या आठवड्याच्या बुकिंगमध्ये नव्हता. तिथं गुरुवारी सकाळी चार नंबरवर दुसराच कुणी पेशंट होता, माझ्या त्या न उघडलेल्या आठांतला एक. कुठल्याही आकड्यावरून, कितीही हुशार टूलला हा नियम कळणं शक्य नव्हतं. तो जगात एकाच ठिकाणी उरला होता, भाईंच्या त्या फाइलमध्ये. आणि पडद्यावर ती रिकामी चौकट दिसली त्याच क्षणी भाईंना कळलं होतं की मी नियम कुठून घेतले. त्यानंतर त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. चार नंबर मोकळा का, आणि हे आपणहून सुचलं का. दोनदा संधी दिली होती आणि दोन्ही वेळा मी खोटं बोलल्यावरही डॉक्टरांसमोर माझी बाजू सावरून ते निघून गेले होते.

मी वर पाहिलं. भाई डबा पुसून पिशवीत ठेवत होते.

"सापडलं का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"काहीतरी शोधत होतीस म्हणून विचारलं."

"नाही," मी म्हणाले. "म्हणजे, हो. एक छोटी दुरुस्ती होती."

मी तो नियम काढून टाकला. बदलाचं कारण लिहायच्या जागी लिहिलं, किरकोळ दुरुस्ती. पुन्हा ताडून पाहिलं तेव्हा एकशे सत्त्याहत्तर जुळले.

सव्वाचारला शेटेसरांनी मला आत बोलावलं. दार त्यांनी स्वतःच लावलं. टेबलावर दोन कागद होते. एक माझं पत्र. दुसरा उलटा ठेवला होता.

"डॉक्टरांचा फोन आला. पाचही सेंटर आपल्याकडं." त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "आता मी भाईंना बोलावणार आहे. अकरा वर्षं झाली त्यांना माझ्याबरोबर. म्हणून तुला शेवटचं विचारतो. हे काम त्यांच्याशिवाय झालंय ना? मला सांगण्यासारखं काही राहिलंय?"

काचेतून भाईंची पाठ दिसत होती. ते कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत होते आणि हातानं हवेत चौकोन काढत होते.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते वाक्य मनात जुळवलंही होतं. सर, ते सगळे नियम भाईंचे आहेत, त्यांनी सहा वर्षं लिहून ठेवलेले. पण त्या वाक्याला लागूनच दुसरं आलं असतं, की मी काल तुमच्याशी आणि आज डॉक्टरांशी खोटं बोलले. पहिलं वाक्य दुसऱ्याशिवाय सांगता येईल का, असा मी विचार करत होते.

"नाही, सर," मी म्हणाले.

त्यांनी माझं पत्र माझ्याकडे सरकवलं.

भाई आत गेले आणि अकरा मिनिटांनी बाहेर आले. मी घड्याळ बघत होते. ते पाणी प्यायले, जागेवर बसले आणि थोड्या वेळानं मला म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत आहे मी. सर म्हणाले, माझ्याकडचं सगळं तुला देऊन जायचं. उद्यापासून रोज दुपारी बसू."

त्यांना लगेच जायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

आम्ही चौदा दुपारी बसलो. ते खुर्ची माझ्या टेबलाशी आणायचे, बोलायचे आणि मी लिहून घ्यायची. हेरवाड्यांचंच नाही, अकरा वर्षांतल्या सगळ्या ग्राहकांचं. कुठल्या गूळवाल्याला पहाटे भाव लागतात, कुठल्या कॉलेजच्या साइटवर निकालाच्या दिवशी काय बंद ठेवायचं. काही हातचं राखलं नाही. माझ्या लिहिण्यात काही चुकलं तर बोट ठेवून दाखवायचे. मी ते रोज संध्याकाळी पाव्हण्याला द्यायची आणि ते नीटनेटके नियम करून द्यायचं. ऑफिसमधले बाकीचे विचारायचे, "झालं का हो भाई, पाव्हण्याचं बारसं?" भाई म्हणायचे, "अजून घुटी चाललीय." सगळे हसायचे. मीसुद्धा.

शेवटच्या दिवशी पाच वाजता निरोप झाला. शेटेसर बोलले, बोलताना अडखळले, शाल दिली. सगळे आपापल्या जागी परतल्यावर भाई टेबल आवरू लागले. मी उठून त्यांच्या बाजूला गेले. आधी ठरवलं होतं, आज सांगायचंच.

"भाई, त्या गुरुवारचं बोलायचं होतं."

"कुठल्या?"

"डॉक्टर आले होते तो. चार नंबरचं."

ते चार्जरची वायर बोटांभोवती गुंडाळत होते. थांबले नाहीत.

"हां, ते. त्यात तुझी काय चूक? ती ओळ मी काढायला पाहिजे होती. कोडमधनं काढली, पण आठवणीच्या फाइलीतनं काढवेना. पाच आठवडे शेजारी बसलेला माणूस. म्हटलं, इथं राहिला तर कुणाचं काय जातंय." वायर गुंडाळून झाली. "माझ्यामुळं तुला त्या दिवशी एवढ्या लोकांसमोर खोटं बोलावं लागलं. मनाला लावून घेऊ नको."

मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यावर हसू नव्हतं, रागही नव्हता. ते खरंच तसं म्हणत होते की मला फटका मारत होते, हे मला तेव्हा कळलं नाही. पाच वर्षं झाली, अजूनही कळलेलं नाही.

मला म्हणायचं होतं ते अजून म्हणायचंच होतं. ते पिशवी खांद्याला लावून उभे राहिले आणि म्हणाले, "अजून काही विचारायचं राहिलंय?"

आणि माझं खरंच एक राहिलं होतं. सकाळपासून डोक्यात होतं.

"भाई, ज्या पेशंटबरोबर कुणी नसतं, त्यांना तुम्ही संध्याकाळी चारची शिफ्ट कधीच दिलेली नाही. त्याचं कारण फाइलमध्ये नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं असेल. मग पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसले.

"लिहून घे," ते म्हणाले. "चारची संपते आठला. डायलिसिसनंतर गरगरतं, अर्धा तास तरी उठू नये. एकटा माणूस साडेआठला अंधारात स्टँडवर जाणार, पडला तर उचलणार कोण? म्हणून एकट्याला सकाळची किंवा दुपारची. जागा नसली तर कुणालातरी विनंती करायची, पण संध्याकाळची द्यायची नाही."

मी लॅपटॉप उघडून टाइप करत होते. माझं होईपर्यंत ते बसून राहिले.